टंचाईचे निर्बंध उठवायचे कधी? वरची धरणं भरली म्हणून, की खालच्या विहिरींना पाणी आलं म्हणून?

गंगथडी :

दुष्काळ जाहीर करण्यावर आपल्याकडे बरंच बोललं जातं. पावसातला खंड, पैसेवारी, केंद्राची २०१६ची दुष्काळ संहिता, कोणता तालुका यादीत बसला आणि कोणता राहिला, सगळ्यावर वाद होतो, मोर्चे निघतात. पण लागलेला दुष्काळ उठला हे कोणी ठरवायचं, कशावरून ठरवायचं, आणि एकाच नदीवर वर-खाली बसलेल्यांपैकी कोणाकडे बघून ठरवायचं, यावर जवळजवळ कोणीच बोलत नाही. त्यासाठी हा धागा.

गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यापुरतं बोलू. नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांपासून पैठणच्या नाथसागरापर्यंत, म्हणजे जायकवाडी धरणापर्यंत. टंचाईच्या वर्षी या पट्ट्यात काय काय बंद होतं ते आठवा. वरून पाणी सुटणार असलं की नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. कालव्याची आवर्तनं (पाणी सोडण्याच्या पाळ्या) कमी होतात, उन्हाळ्यातलं तर कधी मिळतच नाही. गावातल्या खासगी विहिरी पिण्यासाठी अधिग्रहित होतात. हे लावताना जिल्हाधिकारी, पाटबंधारे, महावितरण, पंचायत समिती सगळे एका दिशेने हलतात.

उठवताना मात्र प्रत्येक गोष्ट आपापल्या तारखेने उठते. टंचाई कृती आराखडा ३० जूनला संपतो, टँकर पुढे चालू ठेवायचा तर नवी मंजुरी लागते. पंपांची वीज दबाव वाढला की जोडली जाते. आणि दुष्काळाच्या शासन निर्णयाची मुदतच सहा महिन्यांची. ३१ ऑक्टोबर २०२३ला ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्यात सहा महिने मिळवा. मुदतवाढ नसेल तर एप्रिल संपता संपता कागदावरचा दुष्काळ संपतो, म्हणजे विहिरीने तळ गाठलेला असतो नेमका तेव्हा.

धरणाच्या आकड्यावर विसंबावं तर तेही पुरत नाही. ऑगस्ट २०१९ आठवतो का? नाशिककडच्या पुराने नाथसागर ९० टक्क्यांच्या वर गेला. लोक पाणी बघायला पैठणला गाड्या भरभरून येत होते. त्याच आठवड्यांत मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत टँकर चालू होते, कारण तिथे पाऊसच झाला नव्हता. धरणाचं पाणी कालव्याने आणि पाइपने जातं, ते डोंगरपट्ट्यातल्या आडाला चढत नाही.

माझं म्हणणं असं आहे : निर्बंध उठवण्याचा नियम सगळ्या खोऱ्याला एकच असावा, तो पाऊस पडायच्या आधी लिहिलेला असावा, आणि त्याचं मोजमाप टेलकडून, म्हणजे पाण्याच्या शेवटच्या टोकाकडून, सुरू व्हावं. सगळ्यात खालच्या धरणात किती, खालच्या निरीक्षण विहिरींची पातळी किती, आणि पुढच्या वर्षी पाऊस लांबला तर जुलैअखेरपर्यंत पिण्याची तरतूद झाली का. ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय नुसत्या पुराच्या फोटोवर काहीही उठवू नये. आणि उठवायचं तेही एकदम सगळं नको, पायरीपायरीने.

विरोधी मतं हवीच आहेत. वरच्या भागातल्या लोकांनी जरूर लिहावं.

कादवाकाठ :

मी वरचाच, निफाड तालुक्यातला. म्हणून थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

"टेलकडून मोजा" हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण आमच्या बाजूने बघा. द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरात असते. एकदा कात्री लावली की बाग थांबवता येत नाही. छाटणी, डिपिंग, मजुरी, औषधं, सगळा खर्च अंगावर घेतल्यावर नोव्हेंबरात कळतं की कालव्याचं एक आवर्तन कमी झालं. निर्बंध आहेत की उठले, किती पाणी मिळणार, हे आम्हाला सप्टेंबर संपायच्या आत सांगा. "नाही" म्हणायचं असेल तर तेव्हाच म्हणा, आम्ही क्षेत्र कमी धरू. अर्धवट आशा दाखवून मधेच तोडणं हे दुष्काळापेक्षा जास्त मारतं.

दुसरं, "वरचा भाग म्हणजे पाणीदार" हा समज सोडा. तुम्ही ज्या ४० तालुक्यांचा उल्लेख केलात, त्यात आमच्या जिल्ह्यातले सिन्नर, येवला आणि मालेगावही होते. इगतपुरी-त्र्यंबकला धो धो पडतो, तिथून थोडं पूर्वेला आलं की ढग नुसते दिसतात. येवल्याचा माणूस कालव्याच्या टेललाच आहे, फरक एवढाच की त्याचा टेल वरच्या जिल्ह्यात येतो.

टेलचा_शेतकरी :

कादवाकाठ दादा, राग कसला. सप्टेंबरात सांगा हे तुमचं म्हणणं आमचंही आहे.

मी जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेवटाकडचा, परभणी जिल्हा. हा कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणला गेट उघडलं की आमच्या चारीला (कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या पाटाला) पाणी यायला किती दिवस जातात ते कालव्याची अवस्था आणि वरच्या लोकांचा उपसा ठरवतो. कालवा सल्लागार समितीने रब्बीची आवर्तनं जाहीर केली, पेपरात बातमी आली, म्हणजे सगळ्यांच्या लेखी निर्बंध उठले. आमच्याकडे तेव्हा ज्वारी पेरायची वेळ टळून गेलेली असते. हरभरा टाकतो आणि एका पाण्यावर सोडून देतो.

म्हणून मला "उठवले" या घोषणेपेक्षा एकच गोष्ट हवी : चारीच्या तोंडाशी पाणी आलं त्या दिवसापासून मोजा. धरणाच्या गेटपासून मोजू नका.

निवृत्त_शाखा_अभियंता :

नोकरी सगळी कालव्यांवर गेली, त्यामुळे सविस्तर लिहितो आहे.

वर-खाली वाटपाचा नियम आज अस्तित्वात आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५, कलम १२(६)(ग). खोऱ्यातल्या धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहील असं बघायचं, हा त्याचा गाभा. तो प्रत्यक्षात कसा आणायचा यावर हिरालाल मेंढेगिरी यांच्या समितीने २०१३मध्ये अहवाल दिला, आणि प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४च्या आदेशात तो आधाराला घेतला. त्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपातला वापर धरून, ६५ टक्के किंवा जास्त असेल तर वरून काही सोडायची गरज नाही. कमी असेल तर किती तूट त्यानुसार वरच्या कोणत्या धरणसमूहाने किती सोडायचं हे ठरतं. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६मध्ये ही चौकट उचलून धरली.

२०२३ला काय झालं ते बघा. १५ ऑक्टोबरला हिशोब झाला, ३० ऑक्टोबरला आदेश निघाला : ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) सोडा. मुळा २.१, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५, गोदावरी-दारणा २.६४. मग न्यायालयं, आंदोलनं, बंदोबस्त. पाणी सुटेपर्यंत नोव्हेंबर संपत आला. तोवर नदीचं पात्र कोरडं पडलेलं. कोरड्या वाळूतून पाणी नेणं म्हणजे आधी वाळूचं पोट भरणं. तेच पाणी सप्टेंबरच्या शेवटी, पात्र ओलं असताना आणि नदी थोडीफार वाहत असताना सोडलं असतं तर वाटेत कितीतरी कमी मुरलं असतं. उशीर झाला की वरचा म्हणतो "आमचं गेलं", खालचा म्हणतो "आम्हाला पोचलंच नाही", आणि दोघंही खरं बोलत असतात.

आता धाग्याचा मुद्दा. वाटप कधी सुरू करायचं याला तारीख आहे, टक्का आहे. निर्बंध मागे घ्यायला मात्र तसं एकत्र बांधलेलं काही माझ्या नोकरीत मी पाहिलं नाही. उपसाबंदी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने, वीज महावितरणकडे, फळ्या आमच्या शाखेकडे, टँकर पंचायत समितीकडे. चौघांनी एकाच आठवड्यात उठवलं तर तो योगायोग समजा. पुष्कळदा वरच्या तालुक्यात वीज जोडली जाते आणि खाली सोडलेलं पाणी अजून वाटेतच असतं.

मुळाकाठी :

अभियंता साहेब, एक साधी शंका. ६५ टक्के म्हणजे प्रत्यक्ष पाणी किती? आणि मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांखाली राहणारं पाणी, यात धरतात का?

निवृत्त_शाखा_अभियंता :

मृतसाठा धरत नाहीत. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२.७ टीएमसी, त्यातला २६ टीएमसी मृत. उरलेला ७६.६ उपयुक्त. त्याचे ६५ टक्के म्हणजे साधारण ५० टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, म्हणजे २८३० कोटी लिटर. धरण पसरट आणि उथळ आहे, बाष्पीभवन मोठं आहे. ऑक्टोबरात दिसणारा आकडा मेमध्ये हातात येत नाही. निर्बंध उठवणाऱ्याने ही घट आधीच वजा करून हिशोब मांडला पाहिजे. तसा तो बहुतेक वेळा मांडलाही जातो, पण बातमीत फक्त टक्का येतो.

मांजरापट्टा :

मी लातूरची. मांजरा गोदावरीचीच उपनदी, म्हणून या खोऱ्यात आमचाही हक्क आहे असं समजून लिहिते.

२०१६ सगळ्यांना मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेमुळे माहीत आहे. धनेगावचं मांजरा धरण कोरडं ठाक. पाणवठ्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लावलेलं. घरात हंडा, घागर, बादली, पातेलं, जे भांडं रिकामं ते भरून ठेवलेलं. ते सगळं लिहून झालं आहे, परत लिहीत नाही.

मला सांगायचं आहे ते नंतरचं. त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस असा कोसळला की मांजरा भरलं. लोक धरणावर ओटी भरायला गेले, मीही गेले होते. आनंद खराच होता, कोणाला नावं ठेवत नाही. पण निर्बंध उठले म्हणजे नेमकं काय उठलं? शहराचं पाणी काही दिवसांआडच राहिलं. ऊस मात्र लगेच लागला. ज्यांचं बेणं शिल्लक होतं त्यांनी लावला, ज्यांचं नव्हतं त्यांनी बाहेरून आणून लावला.

ज्वारी-हरभऱ्याला पाणी दिलं तर ते चार महिन्यांचं देणं असतं. उसाला परवानगी दिली की सुरू लागणीला बारा महिने, आडसाली लागणीला दीड वर्ष, वर तोडलेल्या उसाचा पुन्हा फुटवा, म्हणजे खोडवा. म्हणजे या ऑक्टोबरात उठवलेला निर्बंध पुढच्या मेचं पाणी बांधून टाकतो, त्याच्या पुढच्या जूनमध्ये पाऊस येईल हे गृहीत धरून. आणि पाऊस आला नाही की उभा ऊस जाळायचा कसा, म्हणून धरणावर पुन्हा दबाव. आमच्या दुष्काळाचं बी मागच्या सुकाळातच पेरलेलं असतं.

म्हणून गंगथडी दादा, तुमच्या पायऱ्यांमध्ये पीक घाला. पहिल्या वर्षी फक्त हंगामी पिकं. बारमाही पिकाला पाणी तेव्हाच, जेव्हा सलग दुसऱ्या ऑक्टोबरात साठा राहील. ठिबक असो वा नसो. हे ऐकायला कडक वाटेल, पण मी दोन लहान मुलांना घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिले आहे आणि मला यापेक्षा सौम्य काही सुचत नाही.

कादवाकाठ :

ताई, तुमचं म्हणणं काळजाला लागलं. पण द्राक्ष, डाळिंब, मोसंबी ही उभी झाडं आहेत. ऊस एक वर्ष लावला नाही तर पुढच्या वर्षी लावता येतो. बाग मेली की पुन्हा उभी करायला तीन-चार वर्षं जातात. २०१२-१३ला जालन्याकडच्या मोसंबीवाल्यांनी कुऱ्हाडी लावल्या बागांना. तेव्हा "बारमाही" म्हणताना फळबाग जगवण्याचं पाणी वेगळं धरावं लागेल. वाढीचं नको, जगण्यापुरतं.

मांजरापट्टा :

मान्य. जगण्यापुरतं पाणी जनावराला, झाडाला, सगळ्यांना. नवी लागवड नको, एवढंच.

भूजल_वाचक :

धरणावर भरपूर चर्चा झाली, मी जमिनीखालचं लिहितो. मराठवाड्यातली बहुतांश गावं विहीर-बोअरवर जगतात, म्हणून खरा निकष तिथे आहे.

आपल्याखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि भेगांत. जागा थोडी. गाळाच्या प्रदेशासारखी खोल, मोठी साठवण नाही. म्हणून चांगल्या पावसात विहीर भराभर भरते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच भराभर उतरते. सप्टेंबरात विहीर काठोकाठ दिसली म्हणून दुष्काळ गेला असं म्हणणं चुकतं. ती काळी जमीन आधी स्वतः पिते, मग खाली सोडते. आणि सहाशे-सातशे फुटांच्या बोअरने उपसलेलं जुनं पाणी एका पावसाळ्यात परत येत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना. टंचाई जाहीर करताना ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात, कोणत्या गावाला कधी टँकर लागेल त्याचा अंदाज त्यावरून काढतात. माझं म्हणणं, उठवतानाही हीच पद्धत वापरा, पण ऑक्टोबर एकटा पुरत नाही. जानेवारीची मोजणीही हवी. रब्बीचा उपसा झाल्यावर विहीर कुठे टेकली ते जानेवारी सांगतो. ऑक्टोबरात सरासरीवर आणि जानेवारीतही सरासरीच्या आसपास असेल तर त्या पाणलोटातला दुष्काळ उठला म्हणा.

नवीन बोअरचंही बघा. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेऊ नये हा नियम १९९३च्या कायद्यापासून आहे. टंचाईत तहसीलदार त्याकडे लक्ष तरी देतात. पाऊस झाला की दुसऱ्या आठवड्यात बोअरच्या गाड्या शिवारात शिरतात. टंचाईतलं ते लक्ष ढळतं ते पहिल्या पुरात, कोणताही आदेश न निघता.

दूरदेशी :

बाहेरची दोन उदाहरणं, थोडक्यात. कॅलिफोर्नियाने ७ एप्रिल २०१७ला दुष्काळाची आणीबाणी संपवली, पण फ्रेस्नो, किंग्ज, तुलारी आणि तुओलमी या चार परगण्यांत ती चालू ठेवली, कारण तिथल्या लोकांच्या घरच्या विहिरी अजून कोरड्या होत्या. धरणं भरलेली होती तरी.

केपटाउनचं उलट बाजूने बघण्यासारखं. २०१८च्या फेब्रुवारीत माणशी ५० लिटरची मर्यादा. पावसाळ्यात धरणं सत्तर टक्क्यांच्या वर गेली, तरी १ ऑक्टोबरला एकदम मोकळं केलं नाही, ७० लिटरवर आणलं. डिसेंबरात १०५. पूर्ण उठवायला २०२०चा नोव्हेंबर उजाडला. त्या धरणांवर शहर आणि आसपासची शेती दोन्ही अवलंबून आहेत, आणि कपात सोसताना शेतीने शहरापेक्षा जास्त टक्के सोसली होती. त्यामुळे सवलत देताना शेतीचाही विचार बरोबरीने करावा लागला.

टेलचा_शेतकरी :

हे पायऱ्यांचं चांगलं आहे. आपल्याकडे शहराची कपात शेवटी लागते आणि पहिली उठते.

गोदातीर :

नांदेडहून लिहितो. आम्ही महाराष्ट्राचा टेल आणि तेलंगणाचं डोकं, दोन्ही भूमिका रोज जगतो. बाभळी बंधाऱ्याचं उदाहरण इथे यायलाच हवं.

२८ फेब्रुवारी २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने बाभळीचा निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, नदी अडवायची नाही. २९ ऑक्टोबरपासून बंद करता येतात. आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली तेलंगणाला सोडायचं. देखरेखीला त्रिसदस्यीय समिती, केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी, दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी. तारीख आली की समिती हजर होते, दरवाजे उचलले जातात, नोंद होते. दोन राज्यं भांडून दमली, पण तारखेवर भांडण उरलं नाही.

दुसरी बाजूही सांगतो. तारीख ढगाकडे बघत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस निघून गेला तर २९ तारखेला अडवायला नदीत राहिलेलं असतं ते वाहून गेल्यावरचं. धर्माबाद-उमरीकडच्या शेतकऱ्याला डोळ्यादेखत पाणी जाताना बघत बसावं लागतं. म्हणून मला वाटतं, नुसती तारीख नको आणि नुसता टक्काही नको. तारीख बैठकीला, टक्का निर्णयाला. बैठक ठरलेल्या दिवशी झालीच पाहिजे, आणि त्या दिवशी आकडे काय आहेत त्यावरून निर्बंध उठतील किंवा राहतील.

गंगथडी :

गोदातीर, तारीख बैठकीला आणि टक्का निर्णयाला हे मी उचलतो. आणि कादवाकाठांना सप्टेंबरात उत्तर हवं आहे, अभियंता साहेबांना ओल्या पात्रात पाणी सोडायचं आहे, दोन्हींसाठी पहिली बैठक सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच घ्यावी लागेल.

बिंदुसरा :

जनावरांवर कोणीच लिहिलं नाही. आमच्या बीडमध्ये टंचाईच्या उन्हाळ्यात चारा छावणी हाच गावाचा आधार असतो. पहिला मोठा पाऊस झाला की छावणी बंद करायची घाई सुटते. कागदावर पाऊस झाला म्हणजे चारा झाला. पण डोंगराला हिरवं दिसायला लागतं ते जनावराच्या दाताला लागत नाही. पेरलेला मका-कडवळ कापायला यायला दोन महिने जातात. त्या दोन महिन्यांत दावणीला बांधायला कडबा नसतो, आणि नेमकं तेव्हाच पेरणीसाठी बैलात ताकद हवी असते. कितीतरी जण छावणी उठली की बाजारात जनावर विकतात आणि मग पेरणी ट्रॅक्टरवाल्याच्या उसनवारीवर.

तेव्हा गंगथडींच्या तीन निकषांना चौथा जोडा : चारा कापणीला येईपर्यंत छावणी किंवा दावणीला चारा चालू राहील.

आणखी एक. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, हे सगळं मिळतं. पाण्याचे निर्बंध उठणं आणि या सवलती संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी येतं जुलैत, पैसा येतो पीक विकल्यावर. पाऊस पडला म्हणून बँकेचा माणूस दारात आला तर शेतकऱ्याने ढग दाखवून परतफेड करायची का? निर्बंध आधी उठू द्या, सवलती एक पूर्ण पीक घरात येईपर्यंत राहू द्या.

मुळाकाठी :

बिंदुसरा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. आमच्याकडे पाथर्डी-शेवगाव पट्ट्यात हेच होतं.

कायदेपंडित_नाही :

वकिली करतो, या विषयात मुरलेला नाही. पण एक आधार सुचवतो. २००५च्या त्याच कायद्याच्या कलम ११मध्ये टंचाईच्या काळात प्रकल्प, उपखोरं आणि खोरं या तिन्ही पातळ्यांवर समन्यायी वाटपाचा प्राधान्यक्रम ठरवण्याचं काम प्राधिकरणाकडे दिलं आहे. टंचाईचा काळ सुरू होणं जसं त्यात येतं, तसं तो काळ संपणंही त्यातच यायला हवं, असा युक्तिवाद करता येतो. त्यामुळे नवा कायदा मागत बसण्याऐवजी प्राधिकरणाकडे लेखी निवेदन आणि जनसुनावणीची मागणी हा जवळचा रस्ता आहे. २०१४चा आदेशसुद्धा सुनावण्या घेऊनच आला होता.

प्राधान्यक्रमाचंही लिहून मागा. २००३च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती होती. २०११मध्ये तो क्रम बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. निर्बंध उठवतानाही हाच क्रम दिसला पाहिजे. प्रत्यक्षात पाइपने जाणारं पाणी आधी पूर्ववत होतं आणि चारीने जाणारं नंतर, कारण पाइपवाल्याची पाणीपट्टी जास्त आणि वसुली सोपी.

कादवाकाठ :

हेच मला कधीपासून म्हणायचं होतं. नाशिक शहर, संभाजीनगर शहर, दोन्हीकडच्या औद्योगिक वसाहती यांचा हिशोबही त्याच तक्त्यात मांडा. वरच्या शेतकऱ्याची मोटार बंद करून सोडलेलं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या चारीला गेलं तर माझा विरोध कमी होईल. संपणार नाही, कमी होईल. कारण भंडारदऱ्याचं धरण १९२६चं, जायकवाडीचं उद्घाटन १९७६चं. पन्नास वर्षं आधीपासून ज्यांच्या शेताला पाणी येत होतं त्यांना "आता टक्केवारीने" असं सांगताना त्यांचा हक्क कुठे गेला, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण उठवण्याचा नियम लिहिलेला असावा, याला माझी सही धरा.

निवृत्त_शाखा_अभियंता :

कादवाकाठ, हक्काचा प्रश्न खरा आहे आणि तो इथे सुटणार नाही. पण एक लक्षात घ्या, नियम लिहिलेला नसतो तेव्हा जुना हक्कवालासुद्धा त्या आठवड्यात कोणाचा मोर्चा मोठा यावरच अवलंबून राहतो.

गंगथडी :

आतापर्यंतच्या चर्चेवरून निवेदनाचा मसुदा असा धरतो आहे. खोऱ्याची संयुक्त बैठक सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरी १५ ऑक्टोबरचा हिशोब झाल्यावर, तिसरी जानेवारीच्या विहीर मोजणीनंतर, आणि तिन्ही बैठकांना वरच्या-खालच्या पाणीवापर संस्था हजर. उपसाबंदी, वीज, बंधाऱ्याच्या फळ्या आणि आवर्तन यांचे आदेश एकाच दिवशी एकत्र निघावेत, आणि सोडलेलं पाणी पैठणला पोचल्याची नोंद झाल्याशिवाय वरची वीज जोडू नये. पहिल्या वर्षी हंगामी पिकं आणि फळबाग जगवण्याचं पाणी, बारमाही नवी लागवड दुसऱ्या ऑक्टोबरनंतर. टँकर आणि छावणी तारखेने बंद न करता गावाच्या विहिरीच्या आणि चाऱ्याच्या नोंदीवर. सवलती एक पीक हाती येईपर्यंत. शहर-उद्योगाची कपात शेतीबरोबरच उठेल, आधी नाही.

"वरची वीज जोडू नये" यावर कादवाकाठ यांचा आक्षेप असणार हे माहीत आहे. पिण्याच्या पाणी योजनांची वीज यातून वगळली आहे.

कादवाकाठ :

पिण्याची वगळली हे बरं. तरी कमाल मुदत घाला. पाणी पोचायला उशीर झाला तो कोणाच्याही ढिलाईने असू शकतो, त्यासाठी आमची बाग किती दिवस अंधारात ठेवायची? पाणी सोडणं बंद झाल्यापासून ठराविक दिवसांनी वीज जोडलीच पाहिजे, पोचण्याची नोंद झाली असो वा नसो. किती दिवस ते अभियंता साहेबांनी सांगावं.

निवृत्त_शाखा_अभियंता :

प्रत्येक धरणापासून पैठणपर्यंतचं अंतर वेगळं, त्यामुळे एकच आकडा देणार नाही. मुळेचं पाणी लवकर पोचतं, गंगापूर-दारणेच्या पाण्याला नांदूरमध्यमेश्वर ओलांडून लांब यावं लागतं. शिवाय पात्र ओलं की कोरडं यावर फरक पडतो. धरणनिहाय तक्ता मागा. मागच्या सोडण्यांच्या नोंदी खात्याकडे आहेत, त्यावरून तो बनतो. मी कच्चा आराखडा करून देतो.

टेलचा_शेतकरी :

माझी चारीच्या तोंडाची अट मसुद्यात आली नाही. ती घाला. आणि प्रत्येक चारीच्या मुखाशी पाणी कधी आलं, किती उंचीने आलं आणि कधी बंद झालं याची पाटी तिथेच लागली पाहिजे, पैठणच्या कार्यालयात नव्हे. आमच्या पाणीवापर संस्थेकडून पाटी लिहायला माणूस देतो.

गंगथडी :

घातली. रविवारपर्यंत अजून दुरुस्त्या येऊ द्या, विशेषतः जालना आणि हिंगोलीकडून अजून कोणी लिहिलेलं नाही.